रेडिएशनचा चार्ट कोड करताना: पहिल्या सल्ल्यापासून शेवटच्या फ्रॅक्शनपर्यंत

कोल्हापुरात बी.एस्सी., बी.फार्म. किंवा बीएचएमएस होऊन मेडिकल कोडिंगकडे, म्हणजे रुग्णाच्या नोंदींवरून बिलाचे कोड लावण्याच्या कामाकडे, वळलेली बरीच मुलं-मुली मला भेटतात. सर्जरीचे, इमर्जन्सीचे, सोनोग्राफी-सीटीचे चार्ट ती झपाझप उरकतात. रेडिएशन ऑन्कॉलॉजीचा चार्ट समोर आला की मात्र हात थांबतो. इतर ठिकाणी एक भेट, एक नोट आणि दोन-चार कोड एवढंच काम असतं. इथे एका रुग्णाचा उपचार सहा-सात आठवडे चालतो. डॉक्टर, मशीन आणि डोस तपासणारा फिजिसिस्ट, डोसाचा प्लॅन आखणारा डोसिमेट्रिस्ट आणि रोज किरण देणारा थेरपिस्ट अशी चार वेगळी माणसं त्यात काम करतात आणि प्रत्येकाचा कागद वेगळा असतो.

माझे वडील उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये लेथवर होते. एखादा जॉब आला की आधी ड्रॉइंग, मग जिग-फिक्स्चर, मग सेटिंग, मग लॉट आणि मधूनमधून इन्स्पेक्शन. सगळ्याची नोंद जॉबकार्डावर. बाह्य किरणोपचाराचं कोडिंग मला खऱ्या अर्थाने उमजलं ते या जॉबकार्डामुळे. सिम्युलेशन म्हणजे माप घेणं, प्लॅन म्हणजे ड्रॉइंग, मास्क आणि ब्लॉक म्हणजे फिक्स्चर, रोजचा फ्रॅक्शन, म्हणजे डोसाचा एक हप्ता, हा लॉटमधला एक नग आणि आठवड्याची फिजिक्स तपासणी म्हणजे इन्स्पेक्शन. जॉबकार्डावर सही नसलेल्या कामाचे पैसे कारखान्यात कुणी देत नाही. इथेही तोच कायदा आहे.

खाली दिलेले कोड अमेरिकन पद्धतीचे आहेत, म्हणजे केलेल्या कामासाठी सीपीटी आणि निदानासाठी आयसीडी-१०-सीएम. आपल्याकडच्या बहुतेक कोडर्सचं काम त्याच चार्टांवर चालतं. आपल्या भागातल्या फाइलीबद्दल शेवटी लिहिलं आहे.

आधी निदानाचा कोड

रुग्ण फक्त रेडिएशन घ्यायला आला असेल तर पहिला कोड झेड५१.० आणि त्यामागे कॅन्सरचा कोड. हा क्रम उलटा करू नका. पहिल्या सल्ल्याच्या भेटीला मात्र झेड५१.० लागत नाही, कारण त्या दिवशी रेडिएशन झालेलं नसतं. तिथे कॅन्सरचाच कोड पहिला.

नव्या कोडरची हमखास चूक स्तनाच्या कॅन्सरमध्ये होते. नोटमध्ये लिहिलेलं असतं की गाठ काढली, कडा स्वच्छ आहेत, आता कॅन्सर दिसत नाही. हे वाचून कोडर झेड८५.३, म्हणजे ‘पूर्वी होता’ असा इतिहासाचा कोड लावून मोकळा होतो. हे चूक आहे. त्याच जागेवर उपचार चालू असेपर्यंत कॅन्सर चालूच धरायचा आणि सी५० मधला कोड लावायचा. तोही नेमका हवा. उजव्या स्तनाचा वरचा बाहेरचा भाग असेल तर सी५०.४११, डाव्याचा असेल तर सी५०.४१२. बाजू किंवा भाग समजत नसेल तर सल्ल्याची नोट, पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि सिम्युलेशन ऑर्डर अशा तीन जागा शोधा. तिघांत फरक आढळला तर स्वतः निवाडा करू नका, डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी प्रश्न, पाठवा.

कॅन्सर हाडात पसरला आणि मणक्याला रेडिएशन चाललं असेल तर झेड५१.० नंतर सी७९.५१ येतो. त्यामागे मूळ कॅन्सर, उदाहरणार्थ प्रोस्टेटचा सी६१. किरण कुठे पडतात त्या जागेचा कोड आधी, हे लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

आपल्या भागात तंबाखू आणि मिश्रीमुळे गालाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर घराघरात ऐकू येतो. त्याचा कोड सी०६.०. खालच्या हिरडीचा सी०३.१. या दोन जागा एकमेकींना लागून आहेत. ‘तोंडाचा कॅन्सर’ एवढंच वाचून मोघम कोड लावला की मूळ माहिती कायमची हरवते. थोडं थांबून डॉक्टरांनी जागेचं काय वर्णन केलं आहे ते वाचा.

प्लॅनिंगचा कोड

७७२६१, ७७२६२ आणि ७७२६३ हे तीन कोड डॉक्टरांच्या वैद्यकीय विचाराचे आहेत: काय वाचवायचं, किती डोस, कोणत्या दिशेने. यात मशीनचा भाग नाही, म्हणून हे कोड फक्त डॉक्टरांच्या बाजूने जातात आणि एका कोर्सला साधारण एकदाच. एकच जागा, एक किंवा समोरासमोरचे दोन साधे पोर्ट (किरण आत सोडण्याच्या दिशा) असतील तर पहिला. दोन वेगळ्या जागा किंवा एकत्र येणारे तीन किंवा जास्त पोर्ट असतील तर दुसरा. स्पर्शरेषेने जाणारे पोर्ट, खास घडवलेले ब्लॉक, फिरत्या बीमचा उपचार किंवा तीन आणि त्याहून जास्त जागा असतील तर तिसरा. स्तनाचा उपचार स्पर्शरेषेने होतो, म्हणून तिथे ७७२६३ बसतो. पण डॉक्टरांची प्लॅनिंग नोट असेल तरच. ‘प्लॅन मंजूर’ एवढ्या एका ओळीवर हा कोड उभा राहत नाही.

सिम्युलेशन

एक जागा असेल तर ७७२८०, दोन वेगळ्या जागा असतील तर ७७२८५. तीन किंवा जास्त जागांना ७७२९०. शिवाय जागा एकच असली तरी गुंतागुंतीचे ब्लॉक, फिरता बीम किंवा कॉन्ट्रास्ट वापरला असेल तर हाच. श्वासामुळे ट्यूमर हलतो तेव्हा त्या हालचालीचा अभ्यास करून प्लॅन केला जातो, त्यासाठी ७७२९३ आहे. हा जोडकोड असल्याने एकटा कधीच जात नाही, ७७२९५ किंवा ७७३०१ या प्लॅनच्या कोडांबरोबरच जातो.

इथली सगळ्यात महागात पडणारी चूक अशी: आयएमआरटीचा, म्हणजे किरणांची तीव्रता जागेनुसार कमी-जास्त करणाऱ्या तंत्राचा, प्लॅन ७७३०१ लावला असेल तर त्याच प्लॅनसाठी केलेलं सिम्युलेशन त्यात धरलेलं असतं. वेगळ्या तारखेला झालं असलं तरी ते वेगळं लावता येत नाही. सिस्टीम कधी कधी दोन्ही कोड सोडून देते, कारण तारखा वेगळ्या असतात आणि एडिट, म्हणजे एकत्र न चालणाऱ्या कोडजोड्या अडवणारा नियम, त्याच दिवसाची जोडी पकडतो. कोडरनेच ही जोडी डोक्यात ठेवायला हवी. थ्री-डी प्लॅनचं, म्हणजे ७७२९५ चं, तसं नाही. तिथे सिम्युलेशन वेगळं जातं, पण दोन्हींची तारीख एकच दिसली तर एनसीसीआय (अमेरिकेतले कोडजोड्यांचे सरकारी नियम) एडिट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

डोसचा हिशेब आणि प्लॅनची निवड

प्लॅन कोणता लावायचा हे तंत्राच्या नावावरून ठरवायचं नाही, कागदावर काय आहे त्यावरून ठरवायचं. ७७२९५ साठी सीटीवरून तयार केलेली त्रिमितीय रचना आणि डोस-व्हॉल्यूम हिस्टोग्राम (किती भागाला किती डोस, हे दाखवणारा आलेख) चार्टमध्ये असायला हवा. ७७३०१ साठी याहून जास्त हवं: ट्यूमरला किती डोस, पाठीच्या कण्याला, लाळग्रंथींना, गुदाशयाला जास्तीत जास्त किती डोस चालेल, या मर्यादा डॉक्टरांनी लिहिलेल्या असाव्यात, आणि त्या पाळून उलट्या पद्धतीने, म्हणजे आधी मर्यादा देऊन मग संगणकाने बीम ठरवून, केलेला प्लॅन सहीसकट असावा. थ्री-डी का पुरलं नाही, याचंही एखादं वाक्य हवं. विमा कंपनी नेमकं तेच वाक्य शोधते.

साध्या एक-दोन पोर्टच्या प्लॅनला ७७३०६, गुंतागुंतीच्या प्लॅनला ७७३०७. हे दोन कोड २०१५ मध्ये आले आणि त्यांत मूलभूत डोसिमेट्रीचा हिशेब आधीच धरला आहे. त्यामुळे त्यांच्याबरोबर त्या हिशेबाचा ७७३०० लावू नका. ७७२९५ किंवा ७७३०१ असेल तर मात्र ७७३०० वेगळा जातो. प्रत्येक हिशेबाला एक युनिट, आणि प्रत्येक हिशेबाचा कागद चार्टमध्ये हवाच. स्तनासाठी दोन बीम असतील तर दोन युनिट. मी आधी हिशेबाचे कागद मोजते आणि मगच युनिट लिहिते. ऑर्डरमध्ये लिहिलेला आकडा बघून युनिट लिहीत नाही.

फिक्स्चर: मास्क, ब्लॉक, एमएलसी

७७३३२, ७७३३३ आणि ७७३३४ हे उपचाराच्या साधनांचे कोड आहेत. या टप्प्यावर उद्यमनगर आठवतं. जिग त्या जॉबसाठी बनवलेलं असेल तरच त्याचा खर्च त्या जॉबवर चढतो. कपाटातली ब्रेस्ट बोर्ड सगळ्या रुग्णांना वापरतात, ती रोज बाहेर काढली म्हणून साधनाचा कोड लागत नाही. त्याच रुग्णाच्या चेहऱ्यावर घडवलेला थर्मोप्लास्टिक मास्क मात्र ७७३३४ मध्ये बसतो. प्रत्येक बीमला आकार देणारा गुंतागुंतीचा एमएलसी (मशीनमधल्या हलत्या धातूपट्ट्या) किंवा ब्लॉक असेल तर तोही वेगळा मोजतात. आयएमआरटीमध्ये एमएलसीसाठी ७७३३८ आहे आणि तो एका प्लॅनला एकदाच, बीम किती का असेनात. नऊ बीम पाहून नऊ युनिट लावणारे मी पाहिले आहेत.

रोजचा फ्रॅक्शन

डिलिव्हरीचे, म्हणजे प्रत्यक्ष किरण देण्याचे, कोड फक्त तांत्रिक (मशीन-हॉस्पिटलच्या) बाजूचे आहेत आणि दर फ्रॅक्शनला एकदा जातात. इथे जुन्या वह्या बाजूला ठेवा. १ जानेवारी २०२६ पासून आयएमआरटी डिलिव्हरीचे ७७३८५ आणि ७७३८६ काढून टाकले. आता ७७४०२, ७७४०७ आणि ७७४१२ याच तीन पातळ्या आहेत आणि इमेज गायडन्सचा (प्रतिमा घेऊन जागा जुळवण्याचा) तांत्रिक भाग त्यांतच आला. इलेक्ट्रॉन बीम किंवा साधा टू-डी फोटॉन ही पहिली पातळी. एकाच आयसोसेंटरवरचा, म्हणजे बीम जिथे एकवटतात अशा एकाच केंद्रबिंदूवरचा, थ्री-डी किंवा आयएमआरटी फोटॉन ही दुसरी. एकापेक्षा जास्त आयसोसेंटर, किंवा एकाच आयसोसेंटरवर सक्रिय मोशन मॅनेजमेंट (उपचारावेळी ट्यूमरच्या हालचालीवर नियंत्रण), किंवा फोटॉन-इलेक्ट्रॉन मिश्र फील्ड असतील तर तिसरी. पूर्वी ‘आयएमआरटी आहे, मग हा कोड’ अशी सवय लागली होती. आता आयसोसेंटर मोजायला शिकावं लागतं. ती संख्या प्लॅनच्या कागदांत सापडते.

सीपीटी १ जानेवारीला बदलतो आणि आयसीडी-१०-सीएम १ ऑक्टोबरला. म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झालेला कोर्स मध्येच नव्या निदानकोडावर जाऊ शकतो. कोर्स कधी सुरू झाला हे पाहू नका, प्रत्येक सेवेची तारीख पाहा.

पाच-पाचचा हिशेब

डॉक्टरांच्या आठवड्याच्या देखरेखीचा कोड ७७४२७. पाच फ्रॅक्शन म्हणजे एक युनिट, मग ते पाच सलग दिवसांत होवोत, मधे सुट्टी येवो किंवा मशीन बंद पडो. कोर्स संपताना तीन किंवा चार उरले तर आणखी एक युनिट. एक किंवा दोन उरले तर काहीही नाही, ते आधीच्या युनिटात गेले असं धरायचं.

माझ्या पहिल्या वर्षी १७ फ्रॅक्शनच्या एका कोर्सला मी चार युनिट लावले होते. मनात ‘१५ वर दोन, म्हणजे चौथा सुरू झाला’ असा हिशेब चालला होता. ऑडिटमध्ये तो चार्ट परत आला आणि माझ्या हातचे त्या महिन्याचे सगळे रेडिएशन चार्ट पुन्हा उघडले गेले. तेव्हापासून चार्ट उघडला की आधी एका कागदावर एकूण फ्रॅक्शन लिहिते आणि त्याखाली पाचाने भागते. १६ आणि १७ ला तीन, १८ ला चार, २५ ला पाच, २८ ला सहा, ३३ ला सात, ३५ लाही सातच.

एका दिवसात दोन फ्रॅक्शन दिले असतील आणि मधे स्पष्ट अंतर असेल तर ते दोन मोजतात. अंतराची वेळ थेरपिस्टच्या नोंदीत सापडते. प्रत्येक पाचाच्या गटात डॉक्टरांनी रुग्णाला समोरासमोर निदान एकदा तपासल्याची तारखेसह नोट हवी. फ्रॅक्शन पूर्ण आहेत पण ती नोट नाही, तर ते युनिट सोडून द्या. हे जिवावर येतं, कारण काम खरंच झालेलं असतं. तरी सोडा.

संपूर्ण कोर्स एक-दोन फ्रॅक्शनचाच असेल, जसं दुखणाऱ्या हाडाला एकाच वेळी ८ ग्रे (डोसाचं माप), तर ७७४२७ नाही, ७७४३१. एसबीआरटीच्या, म्हणजे थोड्याच फ्रॅक्शनमध्ये मोठा डोस नेमका देण्याच्या, पाचपर्यंतच्या कोर्सला ७७४३५, तोही एकदाच.

फिजिसिस्टची आठवड्याची तपासणी म्हणजे ७७३३६. हा पाच फ्रॅक्शनला एक जातो आणि फक्त तांत्रिक बाजूचा आहे, त्याला मॉडिफायर २६ (हा फक्त डॉक्टरांचा भाग, असं सांगणारी जोड) लावू नका. फिजिसिस्टची सही आणि तारीख हा त्याचा पुरावा. विशेष सल्ल्याचा ७७३७० डॉक्टरांनी लेखी प्रश्न विचारला असेल आणि फिजिसिस्टने लेखी उत्तर दिलं असेल तरच लावा.

७७४७० हा विशेष उपचाराचा कोड मला सगळ्यात जास्त खटकतो. गर्भाशयमुखाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन देतात. केमो बरोबर आहे एवढं पाहून काही जण हा कोड आपोआप लावतात. डॉक्टरांनी त्यामुळे नेमकं कोणतं जादा काम केलं, हे त्यांच्या शब्दांत लिहिलेलं नसेल तर हात आवरा.

एक चार्ट पूर्ण करून पाहू

समजा ५८ वर्षांच्या बाईंच्या उजव्या स्तनाच्या वरच्या बाहेरच्या भागातली गाठ काढली आहे. पूर्ण स्तनाला १५ फ्रॅक्शनमध्ये ४०.०५ ग्रे, दोन स्पर्शरेषी फोटॉन बीम, एकच आयसोसेंटर, थ्री-डी प्लॅन. त्यानंतर गाठीच्या जागेला इलेक्ट्रॉनने ५ फ्रॅक्शनमध्ये १० ग्रे. अमेरिकन चार्टमध्ये हेच ४००५ आणि १००० सेंटीग्रे असं दिसेल.

निदान: झेड५१.०, सी५०.४११, आणि इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह असेल तर झेड१७.०. प्लॅनिंग ७७२६३ एकदा. सिम्युलेशनची पातळी नोटवरून. ७७२९५ एकदा, ७७३०० दोन, दोन्ही बीमच्या एमएलसीसाठी ७७३३४ दोन. इलेक्ट्रॉनच्या भागासाठी खास पोर्ट प्लॅनचा ७७३२१ एकदा, आणि त्याच बाईंसाठी कापलेल्या कटआउटचा ७७३३४ आणखी एक. ७७३२१ बरोबर ७७३०० लावायचा नाही. डिलिव्हरीत १५ दिवस ७७४०७, नंतरचे ५ दिवस ७७४०२. बूस्ट, म्हणजे गाठीच्या जागेचा हा जादा डोस, वेगळा कोर्स नाही, म्हणून फ्रॅक्शन एकत्र मोजायचे. २० म्हणजे ७७४२७ चार आणि ७७३३६ चार.

हा चार्ट हॉस्पिटलचा आहे की डॉक्टरांचा, हे सगळ्यात आधी विचारा. डॉक्टरांच्या बिलात डिलिव्हरी आणि ७७३३६ जाणार नाहीत, तर ७७२९५, ७७३००, ७७३३४ आणि ७७३२१ ला २६ लागेल. ७७२६३ आणि ७७४२७ ला कोणताच लागत नाही, कारण ते मुळातच डॉक्टरांचे आहेत. रुग्ण आंतररुग्ण असेल तर हॉस्पिटलच्या बाजूला आयसीडी-१०-पीसीएस, म्हणजे प्रक्रियांची कोडपद्धती, येतो. तिथे किरणोपचाराचा विभाग डी अक्षराने सुरू होतो आणि उजव्या स्तनावरच्या ६ एमव्ही फोटॉनला डीएम०११झेडझेड असा सात चिन्हांचा कोड बनतो.

क्वेरी कशी लिहावी

डॉक्टरांना उत्तर सुचवणारा प्रश्न विचारू नका. ‘हे आयएमआरटी होतं ना?’ असं लिहिलं की तो पुरावा उरत नाही. ‘तारीख अमुक, नोटमध्ये थ्री-डी लिहिलं आहे, प्लॅनच्या पानावर उलट्या पद्धतीचा उल्लेख आहे, कृपया कोणतं तंत्र वापरलं ते नोंदवा’ असं लिहा. दोन ओळी, एक प्रश्न, पान क्रमांक.

आपल्या कोल्हापुरातली फाइल

गावाकडे रेडिएशनला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात. शेक चालू असलेल्या माणसाच्या घरचे लोक माझ्याकडे बिल घेऊन येतात, कोडिंगमधलं काही कळत असेल म्हणून. आपल्याकडे असे पंधरा-वीस कोडांचं बिल नसतं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचाराचं पॅकेज असतं आणि उपचार सुरू होण्याआधी पूर्वमंजुरी घ्यावी लागते. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पॅकेज तंत्रानुसार ठरतं, त्यामुळे पूर्वमंजुरीच्या कागदावर कोणतं तंत्र लिहिलं आहे आणि प्रत्यक्षात कोणतं दिलं जाणार आहे, हे योजनेच्या आरोग्यमित्राकडून पहिल्याच दिवशी समजून घ्या. नंतर फरक निघाला की धावपळ घरच्यांच्याच नशिबी येते.

खासगी विमा असेल तर क्लेम फॉर्मचा भाग ‘बी’ हॉस्पिटल भरतं. त्यात निदानासाठी आयसीडी-१० चा आणि प्रक्रियेसाठी पीसीएसचा रकाना असतो. हे रकाने रिकामे किंवा मोघम राहिले की विमा कंपनीकडून प्रश्न येतात आणि फाइल अडकते. तुम्ही कोडर असाल आणि शेजारच्या काकूंची फाइल समोर आली तर दोन गोष्टी तपासून द्या: निदानाची जागा आणि बाजू पॅथॉलॉजी रिपोर्टशी जुळते का, आणि फॉर्मवरचे फ्रॅक्शन उपचारकार्डावरच्या नोंदींइतकेच आहेत का. कोड बदलायचा असेल तर तो हॉस्पिटलनेच बदलायचा, आपण पेन लावायचा नाही.

आणि काकूंना सांगा, शेवटचा शेक झाला त्याच दिवशी उपचार पूर्ण झाल्याचा सारांश मागून घ्या. त्यावर जागा, एकूण ग्रे, फ्रॅक्शनची संख्या, कोणता बीम, पहिली आणि शेवटची तारीख असावी. पाच वर्षांनी त्याच भागात पुन्हा किरण द्यायची वेळ आली तर नवे डॉक्टर सगळ्यात आधी हाच कागद मागतात. त्याच्या दोन झेरॉक्स काढून एक रेशनकार्डाबरोबर ठेवा.